जड ओझ्याचं गाणं

हमालांच्या नाक्याला नवा मुकादम बसवायचा तर समुद्राचं पाणी लागतं, पिंपभर. का लागतं ते बाहिया बंदरातल्या कुठल्याही हमालाला विचारून बघा. तो आधी तुमच्या अकलेची कीव करेल आणि मग सांगेल, अहो, समुद्रानंच आणून टाकलं ना आपल्याला इथं, मग साक्षीला दुसऱ्या कुणाला बोलवायचं? पिंप आडवं करून दोन लांब वाशांना दोरखंडांनी बांधायचं, नव्या मुकादमाला त्यावर घोड्यावर बसवावं तसं बसवायचं, एका हातात डहाळी, दुसऱ्या हातात उसाच्या दारूची बाटली, आणि आठ जणांनी ते धूड खांद्यावर घेऊन खालच्या शहरातून मिरवत नाक्यावर न्यायचं. तोवर मुकादमाचा पाय जमिनीला लागता कामा नये. लागला तर मुकादमकी गेलीच म्हणून समजा.

त्या सकाळी पिंपात पाणी होतं ते अर्ध्याच भागात. उरलेल्या अर्ध्यात केरुबिनाची लेक होती.

पिंपं बांधणाऱ्यानं आतून मधोमध फळी ठोकून डांबर लावलं होतं. पुढच्या बाजूला पाणी, मागच्या बाजूला गुडघ्यात डोकं घालून बसलेली जासिंता, आणि दोरखंडाच्या वेढ्याखाली हवेसाठी पाडलेली बोटाएवढी भोकं. पाणी सगळ्यांच्या देखत किनाऱ्यावर बादल्यांनी भरलं. पोरीला त्याआधीच, पिंपवाल्याच्या शेडचं दार लावून आत बसवलं होतं. "जाड असतीस तर माझी पंचाईत झाली असती," असं तो म्हणाला, आणि जासिंता हसली. केरुबिनाला मात्र हसू आलं नाही. तिला ती गोल झालेली पाठ बघवेना.

जासिंता वरच्या शहरातल्या एका म्हाताऱ्या विधवेची गुलाम होती. केरुबिना स्वतः आता मोकळी होती, डोक्यावर परात घेऊन अकराजे, म्हणजे चवळीचे वडे, तळून विकायची. पण लेक जन्मली तेव्हा ती मोकळी नव्हती, आणि आईच्या पायातली बेडी लेकीला जन्मतः लागते, असा त्या देशाचा कायदा. आफ्रिकेहून गुलामांची गलबतं यायची बंद झाली, तशी दक्षिणेतल्या कॉफीच्या मळेवाल्यांची नजर आमच्याकडच्या माणसांवर पडली. विधवेनं जासिंताला तिकडच्या दलालाला विकलं. बोट बंदरात उभी होती. दक्षिणेला गेलेलं माणूस परत आलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. पोरगी पळाली, आणि तेव्हापासून शिपाई टोपल्या, पालख्या, झोळ्या, एवढंच काय, मयतावरची चादरसुद्धा उचलून बघत होते.

आमच्या नाक्यामागं गोदाम होतं आणि गोदामामागं पाणी. तिथं एक शिडाची होडी उभी होती. खाडीपलीकडं, कांदळवनात एक वस्ती आहे, तिथं गेल्यावर 'तू कुणाची' असं कुणी विचारत नाही. तिथवर पोचायचं, बस्स. पण शेडपासून नाक्यापर्यंतचा रस्ता जकातघरावरून जायचा, आणि जकातघरासमोर जमादार शिपाई घेऊन बसलेला होता.

वर सणाचे दिवस. दोन जुलै. घराघराला हिरव्या-पिवळ्या पताका, दाराशी डहाळ्या, आणि जो तो पोर्तुगिजांना कसं हाकललं ते छातीवर हात मारून सांगतोय. हाकलले खरे. त्याला तीसेक वर्षं झाली. राजाचे शिपाई गेले, मालक कुठं गेले? ते इथंच होते, फक्त आता ते स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेत होते.

"काय गं केरुबिना, आज फुकट वाटणार की नाही?" पिंपावर बसलेला तिबुर्सियो ओरडला. तो नवा मुकादम. पांढऱ्या दाढीचा, हाडापेरानं मजबूत, आणि स्वभावानं इतका भित्रा की कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलायचा. पण पोरीचं कळलं तेव्हा ही पिंपाची युक्ती सुचली ती त्यालाच.

"तू आधी खाली उतर, मग देते."

"उतरलो तर मुकादमकी जाईल."

"मग बस उपाशी. मुकादमाला काय, मान आहे ना खायला."

लोक हसले. केरुबिनाही हसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. डोक्यावर परात, ओठांवर हसू, आणि नजर कशीबशी पिंपाकडं न जाऊ देण्याची खटपट. आत पोरगी घुसमटली तर? खोकला आला तर? तिनं पावलं मुद्दाम पिंपाच्या मागच्या बाजूला ठेवली होती. आतून लेकीला आईचा आवाज ऐकू आला म्हणजे धीर राहील, म्हणून ती मोठ्यानं बोलत होती.

आता हमालांची एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचे हमाल गाण्याशिवाय चालत नाहीत. एकजण ओळ उचलतो, बाकीचे उत्तर देतात, आणि पावलं त्या उत्तरावर पडतात. हलक्या ओझ्याची गाणी वेगळी, उड्या मारत जाणारी. जड ओझ्याचं गाणं वेगळं, संथ, एका ओळीत दोनदा श्वास घेणारं. कुठलं गायचं हे कुणी ठरवत नाही. खांदा सांगतो ते तोंड गातं. लहानपणापासून खांद्यावर वासा असलेल्या माणसाला ते खोटं गाताच येत नाही.

फाउस्तोला, म्हणजे ओळ उचलणाऱ्याला, तिबुर्सियोनं बजावून ठेवलं होतं: पिंप भरलेलं आहे असं समज. जड गा. फाउस्तोनं सुरुवात चांगली केली.

"माती खाली ओढते."

"ओढू दे, ओढू दे," सात जणांनी उत्तर दिलं.

"समुद्र पाठीवर बसला."

"बसू दे, बसू दे."

पुढच्या चौघांवर पाण्याचा भार होता, ते खरंच वाकले होते. मागच्या चौघांवर एक सडपातळ पोरगी. लोहारआळीपर्यंत सगळं ठीक होतं. मग रस्ता सपाट झाला, सणाचे ढोल वाजत होते, दोघा-तिघांच्या पोटात सकाळीच दारू गेलेली. आधी मागच्यांची पावलं उचलली. मग पुढच्यांना ती ओढ लागली. आणि फाउस्तोच्या तोंडून, त्याच्या स्वतःच्याही नकळत, दुसरंच गाणं बाहेर पडलं. हलकं. रिकाम्या टोपल्या परत नेतानाचं.

केरुबिनाला ते पहिल्याच ओळीला कळलं. तिच्या नवऱ्याला आयुष्यभर वासा वाहताना तिनं ऐकलं होतं. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गर्दीला कळलं नाही. शिपायांना कळायचा प्रश्नच नव्हता, त्यांना ढोल आणि हमाल एकच. पण जकातघराच्या पायरीवर, जमादाराशेजारी बसलेल्या एका माणसानं मान वर केली.

तो झेफेरीनो.

हा झेफेरीनो कधीकाळी याच नाक्याचा हमाल. स्वातंत्र्याच्या लढाईत त्याच्या मालकानं आपल्या पोराच्या जागी त्याला धाडलं, जिंकून आलास की तू मोकळा असं सांगून. तो जिंकून आला, मांडीत गोळी घेऊन. मालक म्हणाला, कसलं मोकळं? देश मोकळा झाला ते पुरे नाही का? पुढं आफ्रिकेहून आणलेल्या नागो लोकांनी बंड केलं, ते चिरडलं गेलं, आणि झेफेरीनोच्याच वाशाचा जोडीदार आमारो, बंडात असलेला, साखरेच्या गोदामात लपला. झेफेरीनोनं ते गोदाम दाखवलं आणि त्या बदल्यात मोकळीक मिळवली. आमारो भर चौकात फटके खाता खाता मेला. आमारो केरुबिनाचा नवरा. जासिंता तेव्हा पोटात होती.

कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ. नाक्यानं त्याला मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. एवढंच ठरवलं की यापुढं झेफेरीनोच्या ओळीला कुणी उत्तर द्यायचं नाही. तो वाशाखाली आला, त्यानं ओळ उचलली, आणि सगळे गप्प. ज्याच्या गाण्याला उत्तर नाही तो हमाल ओझं उचलू शकत नाही. शेवटी तो पळालेली माणसं धरून देणाऱ्यांत गेला. दुसरं करणार काय होता, असं काही लोक म्हणतात. केरुबिना तसं कधी म्हणाली नाही.

"थांबवा," झेफेरीनो म्हणाला.

जमादारानं हात वर केला. शिपाई आडवे आले. पिंप थांबलं, पण खांद्यावरच. खाली टेकवायचं नव्हतं.

"काय झालं रे?" जमादार वैतागला. त्याला सणाला घरी जायचं होतं.

"पिंपात काय आहे?"

"समुद्र आहे, झेफेरीनो," वरून तिबुर्सियो म्हणाला. "विसरलास होय?"

"भोक उघडा."

फाउस्तोनं पुढचं बूच काढलं. पाणी भसकन बाहेर आलं, जमादाराच्या बुटांवर उडालं. जमादार शिव्या देत मागं सरला. बूच परत ठोकलं गेलं.

"झालं समाधान? पाणीच आहे. चला, हटा."

"पाणी आहे, साहेब. किती आहे ते बघू द्या." झेफेरीनो लंगडत पायऱ्या उतरला. पिंपाला वळसा घालून तो मागच्या बाजूला आला, केरुबिनाच्या अगदी जवळून. तिच्याकडं त्यानं बघितलं नाही. मागच्या कोपऱ्यातल्या हमालाला म्हणाला, "सरक. जरा मी घेतो."

त्या हमालानं तिबुर्सियोकडं बघितलं. मग तो हमाल सरकला.

झेफेरीनोनं खांदा वाशाखाली घातला.

केरुबिनाला वाटलं आता परात पडणार, आणि परात पडली की सगळं संपलं. तिनं ती दोन्ही हातांनी धरली. झेफेरीनो डोळे मिटून उभा होता. खांद्यावर अर्धवट भार, आणि तोही पाण्याचा नाही. पाणी हिंदकळतं, माणूस नुसता कुशीवर कलतो. ज्यानं वीस वर्षं पिंपं वाहिली त्याला हे सांगावं लागत नाही. त्यानं डोळे उघडले आणि सरळ केरुबिनाकडं बघितलं. तिला कळलं की त्याला कळलं.

देवा, ती मनात म्हणाली, ह्याच्याच हातून? बापही ह्याच्याच हातून आणि लेकही?

"काय रे, किती आहे?" जमादार ओरडला.

झेफेरीनोनं तोंड उघडलं आणि ओळ उचलली. आवाज घोगरा झालेला, पण ओळ तीच, जड ओझ्याची.

"माती खाली ओढते."

कुणी उत्तर दिलं नाही. कसं देणार? ती सवय आता हाडात मुरली होती. काही पोरांनी तर आमारोला बघितलंही नव्हतं, पण झेफेरीनोला उत्तर द्यायचं नाही हे त्यांना वासा धरायच्या आधी शिकवलं होतं. ढोलसुद्धा थांबले होते. जमादाराची नजर एका हमालावरून दुसऱ्यावर फिरू लागली.

"हे काय चाललंय? का थांबलात?"

"माती खाली ओढते," झेफेरीनोनं दुसऱ्यांदा म्हटलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्याची नजर अजून केरुबिनावरच होती. त्यात धमकी होती की विनवणी, हे तिला त्या वेळीही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. एवढं कळलं की तिसऱ्यांदा तो म्हणणार नाही.

पुरुषांच्या गाण्याला बायका उत्तर देत नाहीत. मेलेल्याच्या वैऱ्याला तर कुणीच देत नाही. चौकातला तो आवाज, आमारोच्या पाठीवरच्या वादीचा, केरुबिनानं पोटावर हात ठेवून ऐकला होता. आणि आता तिच्याच तोंडून ह्याला उत्तर? मग पिंपाच्या फळीमागं काहीतरी बारीकसं हललं, नखानं खरवडल्यासारखं, आणि केरुबिना गायली.

"ओढू दे, ओढू दे."

बाईच्या आवाजातलं ते उत्तर ऐकून दोन शिपाई फिदीफिदी हसले. "म्हातारी हमाली करायला निघाली," एकजण म्हणाला. हमालांपैकी कुणी हसलं नाही. तिबुर्सियोनं वरून तिच्याकडं बघितलं, आणि त्या भित्र्या माणसाचे डोळे भरून आले.

"समुद्र पाठीवर बसला," झेफेरीनो म्हणाला.

"बसू दे, बसू दे." ह्या वेळी तिबुर्सियोही गायला. मग फाउस्तो. मग सगळे.

पावलं हलली. संथ, जड, एकेका ओळीत दोन श्वास घेत. झेफेरीनोनं त्यांना असं चालवलं की वासे खरंच करकरायला लागले. जमादारानं पाठ फिरवली. बूट झटकत तो म्हणाला, "जड आहे म्हणजे जड आहे, एवढं नीट सांगता येत नाही या लोकांना."

नाक्यावर दारू शिंपडली, मुकादमानं शपथ घेतली, पाय जमिनीला टेकवला, टाळ्या पडल्या. पिंप रीतीप्रमाणं गोदामात गेलं. दार लागलं. केरुबिनाला आत जायला मिळालं ते लेकीला मिठी मारण्यापुरतं. जासिंताचे पाय आखडले होते, तिला उभं राहता येईना. "आई, तो गाणारा कोण होता गं?" तिनं विचारलं. केरुबिनानं तिचं तोंड दाबलं आणि तिला होडीत ढकललं.

ती बाहेर आली तेव्हा झेफेरीनो गोदामाच्या भिंतीला टेकून उभा होता. खांद्याचं वाशानं सालटं गेलेलं. हमाल जरा लांब घोळका करून थांबले होते. तो तिबुर्सियोला म्हणाला, "उद्या येऊ का नाक्यावर, वासा धरायला?"

"मला नको विचारू," तिबुर्सियो म्हणाला आणि केरुबिनाकडं बघू लागला.

झेफेरीनो तिच्याकडं वळला. "येऊ का?"

तिची नजर पाण्यावर होती. जासिंताच्या होडीचं शीड अजून बंदरातल्या किल्ल्याच्या अलीकडंच होतं. जमादाराची होडी धक्क्याला बांधलेली, वल्हेवाले आत. झेफेरीनोचा एक शब्द पुरे होता. ती उभीच राहिली. त्यानंही घाई केली नाही. शीड लहान होत गेलं, किल्ल्याच्या भिंतीपाशी आलं, मग भिंतीआड गेलं.

"आता विचार," ती म्हणाली. "आता परत विचार."

"उद्या येऊ का, केरुबिना?"

"नाही."

त्यानं मान हलवली. टोपी डोक्यावर ठेवून, लंगडत, ज्या रस्त्यानं आला होता त्याच रस्त्यानं गेला, जकातघराकडं.

"बाई, काय केलंस हे?" तिबुर्सियोचा आवाज चिरकला. "पोर गेली तुझी सुखरूप, पण आम्ही इथंच आहोत ना. पिंपवाला आहे, होडीवाला परत यायचाय. अख्ख्या नाक्याच्या गळ्याला फास लावलास तू. एक 'हो' म्हणायला काय झालं होतं?"

"भीतीनं एकदा उत्तर दिलंय मी आज त्याला," केरुबिना म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही देणार."

तिनं चूल पेटवली, ताडाचं तेल तापवलं, वडे सोडले. गिऱ्हाईक येत राहिलं. बुटांच्या प्रत्येक आवाजाला तिचा झारा थांबायचा. शिपाई आले तेही वडे खायला. खाऊन, तिखट जास्त झालं म्हणून कुरकुरत गेले. फाउस्तो दोनदा जकातघरापर्यंत जाऊन आला. झेफेरीनो पायरीवर बसलाय, म्हणाला, जमादाराच्या शेजारी. बोलतोय? नाही, नुसता बसलाय. सूर्य कलला. दक्षिणेच्या बोटीनं भोंगा दिला आणि ती जासिंताला न घेताच बंदराबाहेर पडली. पिंपवाल्याच्या शेडवर कुणी आलं नाही. नाक्यावर कुणी आलं नाही. होडीवाला दिवेलागणीला परतला, आणि त्यालाही कुणी हटकलं नाही.

तेव्हा केरुबिना रडली. लेक सुटली म्हणून रडली असं सगळ्यांना वाटलं, आणि तिनं त्यांना तसं वाटू दिलं. खरं म्हणजे तिला राग आला होता. आयुष्यभर त्या माणसाचा नीट, निखळ द्वेष केला होता तिनं. त्याच्या आधारावर कितीतरी वाईट दिवस काढले होते. आज त्यानं त्या द्वेषालाही भोक पाडलं.

सकाळी हमाल नाक्यावर जमायच्या आधी ती तिबुर्सियोच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तो घाबराघुबरा बाहेर आला.

"त्याला निरोप धाड," ती म्हणाली. "ये म्हणावं."

तिबुर्सियो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "नक्की?"

"त्याच्या गाण्याला उत्तर मी नाही देणार. माझी परात मी पलीकडच्या कोपऱ्यावर नेते. पण तुम्ही द्या," ती म्हणाली, परात डोक्यावर घेतली आणि निघाली.